बाटली दिसता कामा नये

चाक फिरत नव्हतं. बेल्जियममधल्या कुठल्याशा शेतात एक सायकलस्वार घोटाभर चिखलात उभा होता. पुढचं चाक उचलून तो हाताने फिरवत होता आणि चाक अर्धा फेरा घेऊन थांबत होतं. त्याने तीनदा फिरवून बघितलं. मग सायकल खांद्यावर टाकली आणि चालायला लागला. मागचे स्पर्धक त्याच्या अंगावर चिखल उडवत पुढे जात होते.

हा व्हिडिओ मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बघितला. बस मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली होती, त्यामुळे चार-पाच वेळा बघायला वेळ मिळाला. खाली एकच ओळ होती, ‘हा तुमचा ब्रेक आहे.’ पाठवणारा यान, तिकडच्या सायकल कंपनीचा इंजिनिअर. आमचं एकमेव परदेशी गिऱ्हाईक.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर होतो. मोटरसायकलचे डिस्क ब्रेक बनवणं हा आमचा मूळ धंदा. ड्रॉइंग दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं, आपण फक्त बनवून द्यायचं. सायकलचा ब्रेक मात्र पहिल्या रेघेपासून आमचा होता. आमचे एमडी पाटणकर सर स्वतः सायकल चालवायचे. त्यांनी शेडच्या एका कोपऱ्यात काचेचं पार्टिशन टाकून सायकल लाइन उभी केली होती. बाहेरच्या माणसाला ते आधी ती लाइन दाखवायचे, मग चहा.

हा ब्रेक रेसिंगच्या सायकलींसाठी होता. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं हँडल असतं ना, त्या सायकली. रोडवरच्या आणि सायक्लोक्रॉसच्या. सायक्लोक्रॉस म्हणजे थंडीच्या दिवसांत शेतातून, चिखलातून सायकल पळवायची शर्यत. मध्ये आडव्या फळ्या लावलेल्या असतात. तिथे उतरायचं, सायकल उचलून उड्या मारायच्या, परत बसायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही उगाच नाही. आपल्या साध्या सायकलचा ब्रेक रिमला घासतो. रिमला चिखल लागला की तो ब्रेक कामातून गेला. म्हणून तिथे डिस्क लागते. चाकाच्या मध्यभागी पोलादी तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारा कॅलिपर. हँडलवरचा लिव्हर दाबला की नळीतलं तेल कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड तबकडीला धरतो.

पिस्टनभोवती एक रबराची रिंग असते. तिला सील म्हणतात. तेल बाहेर येऊ द्यायचं नाही हे तिचं एक काम. दुसरं काम कुणाच्या लक्षात येत नाही. पिस्टन पुढे जाताना ती थोडी पिरगळते आणि लिव्हर सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढून आणते. किती मागे? पोस्टकार्डाच्या जाडीएवढं. तेवढ्या फटीवर चाक मोकळं फिरतं.

पाटणकर सरांनी व्हिडिओ एकदाच बघितला.

“दिवेकर, यानचा फोन आला होता,” ते म्हणाले. “अजून दोन लॉट घेणार म्हणतोय. त्यात तक्रार आली तर बंद. पुढच्या सीझनची ऑर्डर दुसरीकडे.”

“म्हणजे लाइन?”

“एका गिऱ्हाइकावर चालणारी लाइन आहे. काय म्हणजे लाइन?”

त्या लाइनवर नऊ बायका काम करायच्या. आठ कॉन्ट्रॅक्टवर आणि नववी मंदाताई. मंदाताई काळूसच्या. सासरची शेती आणि चौदा वर्षं आमच्या मोटरसायकल लाइनवर. त्यांनी बसवलेला कॅलिपर लीक झाला असं मी कधी ऐकलं नाही. म्हणूनच सायकल लाइन सुरू झाली तेव्हा मी त्यांना लाइन लीडर केलं. बाकीच्या आठजणी त्यांनीच आजूबाजूच्या गावांतून गोळा करून आणल्या आणि शिकवल्या. लीडरची निळी टोपी मिळाली त्या दिवशी मंदाताईंनी अख्ख्या शेडला पेढे वाटले होते. ऑर्डर गेली तर त्या परत मोटरसायकल लाइनवर जाणार आणि आठजणी घरी. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

यानने खराब ब्रेक कुरिअरने पाठवले. मी ते उघडले. सील फुगलं होतं. भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखं टम्म आणि मऊ. फुगलेलं सील पिस्टनला सोडत नाही, पिस्टन मागे येत नाही, पॅड तबकडीला घासत राहतो. चाक का फिरत नाही ते पाच मिनिटांत कळलं. सील का फुगलं ते कळेना.

रबर खराब, असं मी ठरवून टाकलं. सील आम्हाला दापोडीचे शकीलभाई बनवून द्यायचे. दोन प्रेस, चार माणसं, पण माल चोख. मी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी सील चिमटीत धरलं, दाबलं, नाकाशी नेलं.

“दिवेकर साहेब, ह्याला कुणीतरी गाडीचं ब्रेक ऑइल पाजलंय,” ते म्हणाले.

इथे थोडं सांगायला हवं. मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये जे असतं त्याला लोक ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. ते एक केमिकल आहे. आमच्या सायकलच्या ब्रेकमध्ये खरं तेल होतं, मिनरल ऑइल. ह्या दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. मोटरसायकलच्या सीलचं रबर वेगळं, सायकलच्या सीलचं वेगळं. दोन्ही काळी, दोन्ही गोल, हातात घेऊन फरक कळत नाही. पण सायकलच्या सीलला मोटरसायकलचं ब्रेक ऑइल लागलं की ते हळूहळू फुगत जातं. तासाभरात नाही. आठवडे लागतात. आमचा माल बोटीने जायचा, म्हणजे फुगायला भरपूर सवड.

“शकीलभाई, सायकल लाइनवर ते ऑइल येतच नाही,” मी म्हणालो. “कंट्रोल प्लॅनमध्ये नाही.”

कंट्रोल प्लॅन म्हणजे लाइनवर कुठली वस्तू, कुठल्या क्रमाने, कशी वापरायची ह्याचा तक्ता. तो मीच लिहिला होता.

“प्लॅनमध्ये नसंल साहेब,” शकीलभाई म्हणाले. “रबरात हाय.”

मला राग आला. सप्लायर स्वतःची चूक कबूल करत नाही, हे मी आयुष्यभर बघितलं होतं. मी त्यांचा सगळा लॉट परत पाठवला आणि एका मोठ्या कंपनीकडून सील मागवली. शकीलभाई भांडले नाहीत. गेटवर टेम्पोत पेट्या चढवताना एवढंच म्हणाले, “अकरा वर्षं झाली साहेब. एकदा लाइनवर जाऊन बघायचं तरी.”

मी गेलो की लाइनवर. गेलो नाही असं नाही. नवीन सील आली तेव्हा मी दिवसभर काचेच्या पार्टिशनमध्ये उभा राहिलो. मंदाताईंनी माझ्यासमोर दहा ब्रेक बनवले. मी ते ओव्हनमध्ये ठेवले. ओव्हनच्या उष्णतेत तीन दिवस म्हणजे बोटीवरचे कित्येक आठवडे, असा हिशेब असतो. चौथ्या दिवशी दहाही ब्रेक उघडले. सील होती तशी. चाकं भिंगरीसारखी फिरत होती. मी पाटणकर सरांना फोटो पाठवले, त्यांनी यानला पाठवले.

पहिला लॉट गेला. सहा आठवड्यांनी यानचा मेल आला. निम्म्याहून जास्त ब्रेक घासत होते.

माझी झोप उडाली. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा. डॉक्टरला काय सांगणार, रबर फुगतंय? मी तेल तपासलं. नळ्या तपासल्या. पिस्टनवरचा मुलामा लॅबमध्ये पाठवला. पुन्हा उभं राहून दहा ब्रेक बनवून घेतले, पुन्हा ओव्हन, पुन्हा सगळे पास. मी बघितलं की ब्रेक चांगला, बोटीत चढला की खराब. अशाने माणसाचा देवावर तरी विश्वास बसतो नाहीतर कशावरच बसत नाही.

तयार मालातली एखादी पेटी उघडून बघावी हे मला सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. पण डिस्पॅचची सीलबंद पेटी फोडायची तर तीन फॉर्म, दोन सह्या आणि अख्ख्या पेटीचं पुन्हा इन्स्पेक्शन. शिवाय माल बनला की त्याच दिवशी कंटेनरमध्ये जायचा. गोडाऊनमध्ये एक पेटी शिल्लक राहत नाही ह्याचा सरांना अभिमान होता. मी टाळलं. आज लिहायला सोपं जातंय, पण खरं ते एवढंच आहे की मी टाळलं.

शेवटचा लॉट सुरू असताना यान स्वतः आला. दोन दिवसांसाठी. उंच, शांत माणूस. सुट्टीच्या दिवशी स्वतः त्या चिखलातल्या शर्यतीत उतरायचा.

तो येणार म्हणून आम्ही आदल्या दिवशी लाइन चकचकीत केली. गिऱ्हाईक येणार म्हटलं की चाकणमधल्या प्रत्येक शेडमध्ये हे चालतं. जमिनीवर पिवळे पट्टे नव्याने मारतात. फळ्यावर आदल्या महिन्याचे आकडे पुसून चालू महिन्याचे लिहितात. आणि ज्याच्यावर लेबल नाही ती प्रत्येक वस्तू नाहीशी करतात. बिनलेबलची बाटली किंवा डबा ऑडिटमध्ये दिसला की एनसी मिळते, म्हणजे लेखी चूक. ती मिटवायला महिनाभर कागद रंगवावे लागतात. म्हणून लॉकर, ॲप्रनचे खिसे, दुचाकीच्या डिक्क्या, सगळं भरून जातं.

यानसमोर मंदाताईंनी पन्नास ब्रेक बनवले. न चुकता, न घाबरता. यान त्यांच्या हातांकडे बघत राहिला. मला म्हणाला, “ह्या बाई आमच्या फॅक्टरीत असत्या तर बरं झालं असतं.” मी ते मराठीत सांगितलं. मंदाताई लाजल्या आणि म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, तिकडं लई थंडी असती.”

ओव्हनमधून त्याच्या पन्नास ब्रेकपैकी एकही खराब निघाला नाही. निकाल मी त्याला मेलने कळवला. त्याचं उत्तर मला अजून पाठ आहे. ‘मिस्टर दिवेकर, एकतर तुम्ही दोन प्रकारचे ब्रेक बनवता, नाहीतर मला काहीतरी दिसत नाहीये.’

दोन्ही खरं होतं. मला तेव्हा वाटलं, माणूस चिडून बोलतोय.

शेवटचा लॉट पोचला आणि सगळं संपलं. ह्या वेळी व्हिडिओ आला नाही. दोन ओळींचा मेल आला, त्यात शेवटी धन्यवाद होतं. पाटणकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ब्रेकचा पहिला नमुना लाकडी पाटावर बसवून ठेवलेला असायचा. तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. म्हणाले, “पार्टिशन काढायला सांगा. तिथे मोटरसायकलची तिसरी लाइन टाकू.”

आठजणींना कॉन्ट्रॅक्टरने महिनाअखेरीस सांगितलं. त्यातली एक माझ्याकडे आली, म्हणाली, “सर, आमच्या हातून काय चुकलं का?” मी म्हणालो, नाही. का म्हणालो ते मला माहीत नव्हतं, कारण काय चुकलं हेच मला माहीत नव्हतं. त्यांना बसपर्यंत सोडायला मंदाताई गेल्या. मी गेलो नाही.

पार्टिशन काढायच्या दिवशी मी तिथे टेबलांची यादी करत होतो. मंदाताई आपलं सामान आवरत होत्या. निळी टोपी त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली होती. मग ॲप्रनच्या खिशातून एक बाटली काढली. पांढरी, चपटी, तोंडाला बारीक नळी. शिवणयंत्रात तेल घालायची असते तशी.

“साहेब, ही आता तिकडच्या लाइनवर उघडी ठेवली तर चालंल का?” त्यांनी विचारलं. “का तिथं बी ऑडिट हाय?”

“काय आहे ह्यात?”

“ब्रेक ऑइल.”

मी यादी खाली ठेवली.

“कुठलं ब्रेक ऑइल, मंदाताई?”

“आपलंच की. मोटरसायकलचं. पलीकडच्या ड्रममधून भरून आणते. सील ओलं करून बसवावं लागतं न्हाई का? कोरडं बसवलं की कड फाटती. चौदा वर्षं ह्याच्यातच बुडवून बसवलंय. ह्या पोरींना बी तेच शिकवलं.”

“आणि मी समोर उभा असताना?”

“तवा कशी काढणार? तेल भरायच्या मशीनखाली ट्रे हाय ना, त्यातलं सायकलचं तेल बोटाला घेऊन लावायची. लई येळ जातो त्याच्यात. पण तुम्हीच म्हणला व्हता साहेब, ही बाटली इथं दिसता कामा न्हाई.”

मी म्हणालो होतो. लाइन सुरू झाली त्याच महिन्यात, पहिल्या ऑडिटच्या आदल्या दुपारी. मला तो क्षण अगदी स्वच्छ आठवला. मी घाईत होतो, हातात चेकलिस्ट होती, टेबलावर बिनलेबलची बाटली दिसली आणि मी बोट दाखवून ओरडलो. लेबल लावा असं म्हणता आलं असतं. पण लेबल लावायचं तर आत काय आहे ते विचारावं लागलं असतं. मंदाताईंनी माझा शब्द पाळला. क्वालिटीचा साहेब काचेच्या आत आला की बाटली खिशात, साहेब गेला की बाहेर. नऊजणींनी पाळला. नमुने माझ्यासमोर बनले, ते चांगले. यानचे पन्नास चांगले. बाकी सगळे बाटलीतले.

मी ऑफिसात जाऊन कंट्रोल प्लॅन उघडला. सील बसवण्याची पायरी. मीच मोटरसायकलच्या शीटवरून उचललेली ओळ. ‘सील ओले करून बसवणे.’ कशाने, ते लिहिलेलं नव्हतं. मोटरसायकल लाइनवर ते लिहायची कधी गरजच पडली नव्हती. तिथे एकच गोष्ट होती.

आमच्या धंद्यात तक्रार मिटवताना आठ पायऱ्यांचा रिपोर्ट लिहितात. ऑर्डर जाओ की राहो, रिपोर्ट द्यावाच लागतो. त्यात मूळ कारणाचा एक रकाना असतो. मी तिथे लिहिलं की पद्धत अपुरी लिहिली, लाइनवरची बाटली न तपासता हटवायला सांगितली, जबाबदार क्वालिटी मॅनेजर. खाली माझं नाव घातलं आणि सरांकडे घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या रकान्यात खरं लिहिलं होतं.

पाटणकर सरांनी वाचलं. पेनने ओळ खोडली.

“असं लिहिलं तर उद्या मोटरसायकलवाले आपली सिस्टीम उकरायला येतील,” ते म्हणाले. “नेहमीचं लिहा.”

“सर, त्या बाईंची चूक नाही.”

“मला कळत नाही का? पण गेलेलं गिऱ्हाईक परत येणार आहे का? राहिलेलं तरी सांभाळा.”

नेहमीचं म्हणजे काय, ते चाकणमध्ये कुणालाही विचारा. मूळ कारण, ऑपरेटरला माहिती नव्हती. उपाय, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं. सोबत ट्रेनिंगच्या कागदाची प्रत, ऑपरेटरच्या सहीसकट. मी हा मजकूर त्या कारखान्यात शेकडो वेळा लिहिला असेल. डोळे मिटून लिहिता येतो. मी तो लिहिला. राजीनामा द्यावा असं मनात आलं होतं. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, ताथवड्यात. नाही दिला.

कागद घेऊन मी मोटरसायकल लाइनवर गेलो. मंदाताई जुन्या टेबलावर बसल्या होत्या. डोक्यावर टोपी नव्हती, रुमाल बांधलेला. पांढरी बाटली समोर उघडी ठेवलेली. इथे ती बरोबर होती.

“इथे सही करा,” मी म्हणालो.

त्यांनी हात पुसले आणि सही केली. हळू, एकेक अक्षर काढत, पूर्ण नाव. मग विचारलं, “कसलं ट्रेनिंग हाय साहेब?”

“सायकलच्या ब्रेकचं.”

“ती लाइन तर बंद झाली.”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कळलं असावं त्यांना. पेन मला परत दिलं आणि पुढचं सील बाटलीतल्या ऑइलने ओलं करून बसवलं. बरोब्बर बसलं.

संध्याकाळी मी शकीलभाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “मी एक प्रेस विकली साहेब, दिवाळीच्या आधी.” मग माझ्या तब्येतीची चौकशी केली.

आता मी निवृत्त आहे. छोट्या कारखान्यांना ऑडिटची तयारी करून देतो, पोटापुरतं मिळतं. टेबलावर बिनलेबलची बाटली दिसली की मी आधी झाकण उघडतो, वास घेतो आणि माणसाला विचारतो, हे कशाला लागतं? ती उचला असं मी कुणालाच सांगत नाही.

पण मला आत येताना बघून लोकांनी आधीच उचललेली असते.